मामाचा साम्यवाद, बाबांचा समाजवाद आणि आमचा गाळा

कांजूरमार्ग (पूर्व),
४ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. धाकूमामास,
दर्शनाचा सा. न. वि. वि.

फोनवर ऐकू येत नाही म्हणून तू चिडतोस आणि मी पत्र लिहायचा कंटाळा करते म्हणूनही चिडतोस. यातलं दुसरं माझ्या हातात आहे, म्हणून बसले लिहायला. गिरणीतल्या साचेखात्याने, त्या मागांच्या खडखडाटाने, तुझे कान नेले म्हणून या घरात अजून पोस्टमन येतो, असं आई म्हणते. आम्ही तिघंही ठीक. बाबा सकाळी पेपर वाचून सरकारला चार शब्द सुनावतात, मग त्यांचा दिवस बरा जातो. वारा फिरला की कचऱ्याच्या डंपिंगचा वास घरात येतो, तेव्हा ते महापालिकेलाही सुनावतात.

आता मुद्दा. आमचे शांतिभाई सेठ गाळा बंद करतायत. वय झालं, मुलीकडे राजकोटला जातो म्हणाले. मुलुंडच्या त्या गाळ्यात मी इतकी वर्षं शाळांचे गणवेश शिवतेय. सुंदराबाई माझ्याही आधीपासून. माणूस वाईट नाही. आम्हा अकराजणींना बसवून त्यांनी सांगितलं की मशिनी तुमच्याच, एकेक घरी घेऊन जा, भंगारात घालायला माझा हात धजत नाही. गाळाच चालवायचा असेल तर वर्षभर भाड्याने देतो, पण एकीच्या नाही, सगळ्यांच्या नावाने.

निम्म्याजणी मशीन घरी न्यायला निघाल्यात. नलिनी त्यांच्या पुढे. नलिनी म्हणजे आमची कटिंगवाली, भांडुपची. तिच्या हाताला तोड नाही आणि तोंडालाही नाही. ती म्हणते, घरी बसून शिवेन, कोणाची कटकट नको. मी म्हटलं, मशिनी एकत्र ठेवू, गाळा आपणच चालवू, समाजवादी पद्धतीने. हा शब्द बाबांचा, तोंडातून निघून गेला. तेव्हा नलिनीने विचारलं की तुझा तो लाल बावट्यावाला मामा मग काय निराळं सांगतो, आणि निराळं नसेल तर तुझे बाबा नि मामा जन्मभर भांडतात कशाला. सगळ्या हसल्या, मीही हसले. लहानपणी मला वाटायचं, समाजवाद म्हणजे बाबांचा आवाज आणि साम्यवाद म्हणजे तुझा. त्यापुढे मी कधी गेलेच नाही.

बाबांना विचारलं तर ते फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनापासून सुरू करतात. तू थोडक्यात लिही. मला ते भाषणात नाही, गाळ्यात वापरायचंय. मी हा गाळा सोडणार नाही, एवढं ठरलंय.

उत्तर लवकर दे, आणि रागावलास तर तेही पाकिटात घाल.

तुझी,
दर्शना


खालची वाडी, ता. कणकवली,
१३ फेब्रुवारी २०२४

चि. दर्शना हिस,
धाकूमामाचे अनेक आशीर्वाद. आशीर्वाद द्यायला देव लागत नाही, मामा पुरतो.

पत्र वाचून बरं वाटलं गो. गणवेश शिवणारी माझी भाची मालकीचा प्रश्न विचारते, म्हणजे आमचं सगळंच फुकट गेलं नाही.

आधी जिथे आम्ही भांडत नाही ते सांगतो. ज्या यंत्रावर दहा घरांची चूल पेटते ते एकट्याच्या मालकीचं असू नये, हे तुझा बापूसही म्हणतो आणि मीही म्हणतो. म्हणून मशिनी वाटून घेऊ नका. घरी गेलेली मशीन म्हणजे एकटी बाई. ठेकेदार तिच्या दारात येणार, शेजारीण कमी दरात शिवते म्हणणार, आणि शेजारणीलाही तेच सांगणार. घरी कोणाची कटकट नाही हे खरं, पण मग तुझ्या बाजूने भांडायलाही कोणी नाही.

आता भांडण. आमच्या शास्त्रात मालकशाही गेली म्हणून दुसऱ्या दिवशी स्वर्ग उगवत नाही. आधी एक काळ असा, की मालकी सगळ्यांची, पण ज्याचं जेवढं काम त्याला तेवढा मोबदला. त्याला आम्ही समाजवाद म्हणतो. आमच्या लेखी तो वाटेतला थांबा. पुढे उत्पादन वाढेल, माणसाची हावही उतरेल, मग प्रत्येकाने झेपेल तेवढं करावं आणि लागेल तेवढं घ्यावं. तेव्हा वर्ग नाहीत, आणि माणसांवर हुकूम चालवणारं सरकारही लागत नाही. तो साम्यवाद. ते गाव अजून कुठल्याच देशाने पाहिलेलं नाही, हे मी लपवत नाही. जिथे आमच्या पक्षाचं राज्य आलं, तेही स्वतःच्या देशाला समाजवादीच म्हणत राहिले.

तुझा बापूस म्हणतो, त्या थांब्यावरच उतरायचं आणि तिथेच घर बांधायचं. निवडणूक, कायदा, सहकारी संस्था, सरकारी दवाखाना, सरकारी शाळा. मोठं ते समाजाचं, छोटा दुकानदार राहू दे. सगळं हळूहळू, सगळ्यांना विचारून. मी म्हणतो, ज्याच्या हातात गिरणी आहे तो मतपेटीला घाबरून गिरणी सोडत नाही. तिथे शिस्तीची फळी लागते. पुढे चालणारे थोडे लागतात, ज्यांना कुठे जायचंय ते ठाऊक आहे.

तेव्हा माझा सल्ला ऐक. आत्ता मतं घेत बसू नकोस. अकराजणींना विचारलंस तर अकरा वाटा निघतील आणि गाळ्याला टाळं लागेल. तू पुढे हो, दोघी भरवशाच्या घे, आणि ठरवून टाक. पगार सगळ्यांना सारखा. काम आलं की मागाहून सगळ्या येतील.

बापसाला सांग, हे पत्र त्यालाही वाचायला दिलेलं चालेल. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, आता तरी नीट वाचील.

भाचीवर लोभ आहे, तो पक्षाच्या परवानगीशिवाय आहे.

तुझा,
धाकूमामा


कांजूरमार्ग (पूर्व),
१५ एप्रिल २०२४

ती. स्व. धाकूमामास,
दर्शनाचा सा. न. वि. वि.

काल भीमजयंतीला सुंदराबाईंकडे जेवायला होते. तिथल्या खिरीची चव अजून तोंडात आहे, म्हणून वाईट बातमी लिहायला धीर आलाय.

तू म्हणालास तसं केलं. एकत्र राहणं फायद्याचं कसं, ते तुझ्या शब्दांत सांगितलं. ठेकेदाराची गोष्ट सगळ्यांना पटली, नलिनीलाही. मशिनी गाळ्यातच राहिल्या. सेठनी जाताना गाळ्यात नारळ फोडला आणि माझ्या हातात दिला. तिथेच बहुतेक माझं डोकं फिरलं. मी ठरवत गेले. पगार सारखा, मी ठरवलं. डबा खायची वेळ, मी ठरवली. मागच्या महिन्यात भांडुपच्या एका शाळेचं मोठं काम आलं, सगळ्या मुलामुलींचे गणवेश, शाळा उघडायच्या आत हवेत. मी कोणाला न विचारता हो म्हणून आले. मला वाटलं, खूश होतील.

नलिनीने विचारलं की एवढं कापायचं कोणी. मी म्हटलं, तू, दुसरं कोण. ती म्हणाली, पगार सारखा आणि काम माझं दुप्पट, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय. मी म्हटलं, आत्ता वाद नको, काम महत्त्वाचं. तेव्हा तिने कात्री खाली ठेवली. शांतिभाईंना निदान सेठ म्हणता येत होतं, म्हणाली, तुला काय म्हणायचं तेवढं सांग.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आणून तिने आपली मशीन नेली. तिच्यामागे आणखी दोघी गेल्या. मामा, मशीन उचलली तिथे फरशीवर चार पायांच्या खुणा आहेत. मी येताजाता त्या बघते.

आता पार वाट लागलीये. कापड येऊन पडलंय आणि कापणारी नाही. मी स्वतः कापायला घेतलं, तर एक अख्खा थर तिरका गेला. बाकीच्या खाली मान घालून शिवतात, ते जास्त लागतं.

तुला दोष देत नाही. सल्ला तुझा होता, पण आवाज माझा होता. काम मात्र मी परत करणार नाही. बाबांनी तुझ्यासाठी वेगळं लिहिलंय, ते याच पाकिटात घालतेय. वाचून बीपी वाढवून घेऊ नकोस.

या भाचीला चुकल्यावरही भाचीच समजावं.

तुझी,
दर्शना


कांजूरमार्ग (पूर्व),
१५ एप्रिल २०२४

प्रिय धाकू,
स. न. वि. वि.

पोरीने माझ्याकडे फक्त एवढाच कागद दिलाय, तेव्हा मोजकं लिहितो. तुझा सल्ला अंमलात आला. अकरा बायांच्या गाळ्यात दोन महिन्यांत फळी तयार झाली, फळीची पुढारी तयार झाली आणि फूटही पडली. मोठ्या देशांना याला काही वर्षं तरी लागली होती.

धाकू, तुझा तो शेवटचा मुक्काम मला कधीच वाईट वाटला नाही. लागेल तेवढं प्रत्येकाला, याला कोण नको म्हणेल. माझं भांडण रस्त्याशी आहे. कामगारांच्या नावाने राज्य आलं आणि कामगाराला विचारायचंच राहून गेलं. कारखाना सगळ्यांचा म्हणून पाटी लागली, पण साहेब बदलायची सोय सगळ्यांना नव्हती. मालकी सरकारची झाली म्हणजे लोकांची झाली असं नाही. सरकारला घरी पाठवता येत असेल तरच ती लोकांची. माझ्या समाजवादाचं सगळं सार एवढंच आहे. बाकी दवाखाने आणि शाळा त्याच्या मागून येतात.

आमच्या लोकांनीही दिवे लावलेत, ते तू सांगायच्या आधी मीच सांगतो. आम्ही मतदान इतकं केलं की प्रत्येक मतासाठी एक पक्ष निघाला. सत्तेत गेलो तेव्हा मालकाशी तडजोड केली आणि तिला सुधारणा म्हटलं. पण त्या चुका आम्हाला लोकांनी तोंडावर सांगितल्या आणि आम्हाला पाडलं. तेवढी सोय ठेवली होती.

दर्शनाला मी सांगितलंय, नलिनीच्या घरी जा. समजूत घालायला नाही, विचारायला. मग सगळ्यांना बसव, मतं घे, आणि तुझ्याविरुद्ध गेली तरी पाळ.

डोळे उत्तम आहेत. तुझं अक्षर मात्र तसंच आहे.

भांडणातही नातं न विसरणारा,
सहदेव


खालची वाडी,
२४ एप्रिल २०२४

ती. स्व. सहदेव भावोजींस,
धाकूचा सा. न. वि. वि.

तुम्ही पत्र घातलंत हे चांगलं केलंत. पोरीच्या गाळ्याला तडा गेलेला वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिने माझं ऐकून नलिनीला गमावलं, हे माझ्या खात्यावर लिहा, मी नाही म्हणत नाही.

पण तुम्हालाही एक विचारून ठेवतो. तुम्ही सभा घ्याल, चहा प्याल, हात वर कराल. नऊ हात एका बाजूला गेले की तुम्ही म्हणणार, न्याय झाला. ज्याचा हात थरथरतो, ज्याच्याकडून पुरेसं काम होत नाही, त्याचं काय ते नऊ हात बघतील का? बहुमतालाही पोट असतं, भावोजी. ते आधी स्वतःचं भरतं. गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या तेव्हा सगळं कायदेशीर होतं, निवडून आलेल्या लोकांसमोर झालं. त्यात आमचं घर बसलं की नाही ते तुम्ही पाहिलंत.

मतं घ्या. मी आडवा येत नाही. मग काय होतं ते मला कळवा, चांगलं झालं तरी कळवा.

ताईला नमस्कार. आंबे पाठवतोय, वाटणी तुमच्या पद्धतीने करा.

आपला हट्टी मेहुणा,
धाकू


कांजूरमार्ग,
३० जून २०२४

चि. धाकूस,
ताईचे आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुका ठाऊक आहे. पण दर्शनाचा पाय गाळ्यातून निघत नाही आणि तुझे भावोजी तुला काही सांगायचं टाळतायत, तेव्हा मीच लिहायला घेतलं. आंबे पोचले. गोड होते.

दर्शना गेली होती नलिनीकडे. पहिल्या दिवशी तिने दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं, पण आत घेतलं नाही. तिसऱ्यांदा गेली तेव्हा तिची सासू म्हणाली, बाई, तू बस, नाहीतर रोज येशील. नलिनी घरी शिवून वैतागली होती. ठेकेदार तू म्हणालास तस्साच निघाला मेला. दर्शनाने तिला विचारलं, परत यायला काय हवं. ती म्हणाली, यापुढे प्रत्येक गोष्ट हात वर करून ठरायची, आणि ज्याचं काम जास्त त्याला पैसे जास्त. दर्शनाने पहिल्याला लगेच हो म्हटलं, पैशांचं मात्र मी एकटीने हो म्हणून चालणार नाही, तेही हात वर करूनच होईल, असं सांगून आली. तुझे भावोजी त्या दिवशी घरात पाय जमिनीला न लावता फिरत होते.

सभा झाली. कामाप्रमाणे पैसे, ठरलं. दर्शनाचं मत विरुद्ध होतं, तरी तिने मानलं. नलिनी आणि त्या दोघी मशिनी घेऊन परत आल्या. मग काय सांगू तुका, बायांनी असं काम केलं की बघत राहावं. शाळेची घंटा वाजायच्या आदल्या दिवशी शेवटचा गठ्ठा पोचला. मी बटणं लावायला गेले होते, माझीही बोटं चालतात अजून.

आता जे कोणी तुला लिहिणार नाही ते. सुंदराबाईंना तू पाहिलं नाहीस. विक्रोळीला पार्कसाइटला राहतात, मूळच्या जालन्याकडच्या. नवरा गेल्यावर शिलाईवर घर उभं केलं. आता त्यांच्या बोटांची पेरं धरलीत आणि एका डोळ्याला दिसत नाही. कामाप्रमाणे पैसे म्हटल्यावर त्यांच्या हातात आलं ते बघवत नव्हतं. कोणी काही चुकीचं केलं नाही धाकू. ठरल्याप्रमाणे झालं. त्यांनी ते घेतलं, सगळ्यांना जय भीम केला आणि दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत.

मी गेले भेटायला. सोबत थोडं काढून नेलं होतं, सगळ्याजणींनी दिलेलं. त्यांनी चहा केला, माझी चौकशी केली, आणि ते पाकीट परत माझ्या पिशवीत ठेवलं. म्हणाल्या, प्रेमाबाई, बाबासाहेबांच्या लेकी आम्ही, हात पसरायला शिकवलेलं नाही. माझा हक्काचा काही भाग निघत असेल तर सांगा, मी चालत येऊन घेईन. येताना मला बस दिसली नाही, डोळ्यांत पाणी होतं.

तू गिरणीत होतास तेव्हा तुम्ही दोघं माझ्या ओट्यासमोर बसून जग कसं वाटायचं ते ठरवत होतात. तेव्हा भाकरी मी वाटत होते. ज्याला शिफ्टला जायचंय त्याला आधी, ज्याला ताप आहे त्याला मऊ. मला कोणी त्याचं नाव विचारलं नाही. आता वाद बाजूला ठेव आणि सांग, काय करायचं. दर्शना खचलेली नाही, पण गप्प झालीये. ती गप्प झाली की बापसासारखी दिसते.

बहिणीला रागाने नाही, उत्तराने आठवावं.

ताई


खालची वाडी,
८ जुलै २०२४

चि. दर्शना हिस,
मामाचे आशीर्वाद, यावेळी बिनशर्त.

ताईचं पत्र तीनदा वाचलं. तिने मला आणि भावोजींना एकाच चुलीवर ठेवलंय, आणि ते बरोबर आहे.

तुला मी थांब्याची आणि मुक्कामाची गोष्ट सांगितली, पण त्यातलं एक सांगायचं राहिलं, आणि तेच तुझ्या कामाचं आहे. मार्क्सने नुसतं कामाप्रमाणे वाटा असं म्हटलेलं नाही. त्याने म्हटलंय की वाटणीच्या आधी काही बाजूला काढा. झिजलेली यंत्रं बदलायला, अपघात-अडचणीला, आणि ज्यांना काम झेपत नाही त्यांच्यासाठी. मग उरेल ते कामाप्रमाणे. हे आधी आहे, दर्शना. मागाहून पिशवीत घालून नेलेलं नाही. मागाहून दिलं की ती मेहरबानी होते. सुंदराबाईंनी पाकीट परत ठेवलं ते याचसाठी.

मला विचारतेस म्हणून सांगतो, साम्यवाद मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही साचेखात्यात. माझ्या शेजारच्या साच्यावर सातार्‍याकडचा एक माणूस होता. एका पावसाळ्यात साच्यातला दोरा नेणारा धोटा उडून त्याचा हात फुटला. घरी बसला तर पगार नाही. मग आम्ही दोन्ही बाजूच्यांनी आपले साचे सांभाळून त्याचेही चालवले, आणि निघालेलं कापड त्याच्या नावावर लावलं. जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, दिसत होतं, तो दुसरीकडे बघायचा. कोणी सभा घेतली नव्हती, कोणी हुकूम केला नव्हता. तो बरा होऊन आला आणि कोणी त्याबद्दल बोललंही नाही. मी पुढे युनियनमध्ये भाषणं खूप केली, पण त्या पावसाळ्याएवढं खरं काही बोललो असेन असं वाटत नाही.

तुमच्या गाळ्यात जॉबर नाही, म्हणून नियम करावा लागेल. सभा घे. आधी प्रत्येकीला एकटीला गाठून बोल, नलिनीशी सगळ्यात आधी. आणि मतं घे. हे मी लिहितोय, तुझ्या बापसाला दाखवू नकोस, तो फ्रेम करून लावील. माझं मत बदललंय असंही समजू नकोस. जायचं तिकडेच आहे, शेवटपर्यंत. फक्त बरोबर चालणाऱ्यांना गाडीतून ढकलून तिथे पोचता येत नाही, एवढं या वयात मला मान्य आहे.

हरलीस तर पुन्हा मांड. पुन्हा हरलीस तर पुन्हा. मामाचा लोभ त्या प्रत्येक वेळी तेवढाच राहील.

तुझा,
धाकूमामा


कांजूरमार्ग (पूर्व),
२ सप्टेंबर २०२४

ती. स्व. धाकूमामास,
दर्शनाचा सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण अर्धी बातमी लिहायची नव्हती.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात नलिनीला भेटले. ती कापत होती, मी समोर उभी राहून बोलत होते. ती म्हणाली, आज सुंदराबाई आहेत, उद्या कोणीही कंबर धरून बसेल, तिचं मी का शिवू. मी म्हटलं, हे सभेत बोल. मग एकेकीशी बोलत राहिले, दोन सभा नुसत्या भांडणात गेल्या. एकदा तर आम्ही इतक्या जोरात भांडलो की शेजारच्या गाळ्यातला माणूस पाणी घेऊन आला.

तिसऱ्या सभेला मी सुंदराबाईंना बोलावलं. त्या येणार नाहीत असं सगळ्यांना वाटत होतं. त्या आल्या, आपल्या जुन्या जागेवर बसल्या आणि सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर उठल्या. म्हणाल्या की मला बसून खायचं नाही. काज-बटणाचा माल मी हाताने चाचपून तपासू शकते, नव्या पोरींना शिकवू शकते, तेवढं काम माझ्या नावावर लावा. कमी पडेल ते मात्र नियमाने द्या. दया नको, कारण दया करणाऱ्याने हात आखडला तर त्याला जाब विचारता येत नाही. आणि हे माझ्यासाठी मागत नाही, तुमच्यातली प्रत्येक बाई माझ्या वयाची होणार आहे.

मग नलिनी बोलली. मला वाटलं, आता मोडणार. ती म्हणाली, काढायचंच असेल बाजूला, तर कोणाला द्यायचं ते दर्शनाने एकटीने ठरवायचं नाही. तिघींनी ठरवायचं, त्या तिघी दरवर्षी बदलायच्या, आणि बाळंतपणालाही लागू करायचं. मामा, हे मला सुचलं नव्हतं. बाबांनाही नाही, तुलाही नाही. ठराव काठावर पास झाला, आणि तो काठ ओलांडला नलिनीच्या हातानेच. आता वाटणीच्या आधी एक भाग निघतो. त्याला आम्ही आधीचा वाटा म्हणतो. सुंदराबाई दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर होत्या.

बाबा म्हणतात, हा समाजवाद, कारण मतदानाने झाला. आई म्हणते, धाकूला लिही की हा साम्यवाद, म्हणजे त्याचं औषध कमी होईल. मला विचारशील तर कामाप्रमाणे वाटणं तुमच्या थांब्यावरचं आहे, आणि आधीचा वाटा तुझ्या मुक्कामाहून आलेला आहे. पण तो टिकेल की नाही हे दरवर्षी मत मागून ठरणार, आणि ते बाबांचं.

आता उरलेली अर्धी बातमी. संस्थेची नोंदणी करायची म्हणून अध्यक्ष निवडायचा होता. मी उभी राहिले. नलिनीही उभी राहिली. तू म्हणालास तशी एकेकीकडे गेले होते, सगळ्यांनी गोड बोलून चहा पाजला होता. चिठ्ठ्या उघडल्या आणि नलिनी निवडून आली. चांगलीच निवडून आली, काठावर नाही. मी टाळ्या वाजवल्या. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, जरा जास्त वेळ धुतलं. हा गाळा मी वाचवला, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. घरी आल्यावर बाबांनी माझ्या ताटात भात वाढला आणि ते शेजारी बसून राहिले. मी त्यांना म्हटलं, तुमचा समाजवाद फार महाग आहे. ते म्हणाले, हो, म्हणून फार थोडे घेतात.

सकाळी जायला पाय निघत नव्हता. गेले. मशीनवर बसले. दुपारी नलिनी माझ्याजवळ आली, मी शिवलेल्या मुलींच्या पिनाफोरचा गठ्ठा समोर ठेवला आणि म्हणाली, प्लेट्स वाकड्या आहेत, उसव आणि परत घाल. सगळ्या बघत होत्या. चार-पाच महिन्यांपूर्वी मी तिला असंच काही बोलले असते तर तिने टेम्पो बोलावला असता. मी एक पिनाफोर उचलला, उजेडात धरला. घेराच्या प्लेट्स खरंच वाकड्या होत्या. उसवायला बसले, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या परत घातल्या.

निघताना तिला सांगून टाकलं की पुढच्या वर्षी मी पुन्हा उभी राहणार आहे. ती म्हणाली, राहा की, पण तोवर प्लेट्स सरळ घालायला शिक.

शिकतेय, मामा. घाई नाही, पण सोडणारही नाही.

हरलेल्या भाचीवरही जिंकलेल्याइतकाच लोभ असू दे.

तुझी,
दर्शना